पाव किलोची पिशवी

महिनाभर डोंगर तुडवायला निघालेल्या एका दादांनी आमच्या हिरकणीवाडीच्या दुकानात सॅक उपसली, तशी मी ती रिकामी तराजूत टाकली. तीन किलो! “म्हणजे तुम्ही सॅकच वाहताय! थांबा, मी शिवते.” ते गड बघून येईपर्यंत मी मोडक्या छत्र्यांच्या कापडाची पाठपिशवी शिवली. भरली पाव किलो! दादांनी सामान भरून ती पाठीला लावली आणि पट्टा टर्रकन उसवला. “घाटात उसवला असता तर?” म्हणत त्यांनी जुनी सॅक ओढली. तेवढ्यात आईनं हंड्याखालची चुंबळ माझ्याकडे फेकली. “हंडा डोक्यावर बसतो काय गो? चुंबळीवर बसतो. पट्ट्याला चुंबळ दे.” चुंबळीचं कापड उलगडून मी पट्ट्यांच्या मुळाशी जाड शिवलं. दादांनी सामानासकट उड्या मारल्या. टाका हलला नाही. ते तीच लावून निघाले. तीन किलोंच्या सॅकमध्ये आता आमची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीये.