रिकामे

"आता चोर आला तरी दारातच चक्कर येऊन पडेल," असं म्हणत भाचीनं लॅपटॉप मामाकडे वळवला.

मामा नाट्यगृहाचा व्यवस्थापक. "आजींना जिना चढवत नाही, त्यांना खाली घे," "ते दोघं भांडलेत, मध्ये कुणाला तरी बसव," असे त्याचे फोन भाचीला तिच्या ऑफिसात दिवसभर यायचे. मग हातातलं काम टाकून ती नाट्यगृहाच्या लिनक्स सर्व्हरवर शिरायची आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून प्रेक्षकांना उठवायची, बसवायची. शेवटी कंटाळून तिनं रजा टाकली. सकाळपासून तिकीटखिडकीमागच्या खोलीत ठाण मांडून तिनं सर्व्हरवर एक साधन बसवलं. आता सगळी बुकिंगं मामाला ब्राउझरमध्ये तक्त्यासारखी दिसणार होती, तीही मराठीत. हवं तर त्याची त्यानंच बदलावीत.

काम तिनं चोख केलं होतं. साधनाचा पत्ता कुणाला सुचणार नाही असा ठेवला, ये-जा कुलूपबंद केली, मुख्य खात्याला बाहेरून येणंच बंद केलं. मामाचं खातं उघडताना मात्र हक्कांची लांबलचक यादी समोर आली. कुठला द्यायचा, कुठला नाही, हे बघत बसायचा तिला कंटाळा आला. तिनं 'सगळे' या शब्दावर खूण केली. घरचाच तर माणूस.

मग ती चहाला गेली.

परत आली तेव्हा मामा खुर्चीत मागे रेलून बसला होता. चेहरा खुललेला.

"अगं, काय चीज बसवलंयस! एकाचा फोन आला, आजच्या प्रयोगाला रिकामी खुर्ची आहे का म्हणून. इथं प्रयोगापुढे बटणच आहे, 'रिकामे'. दाबलं!"

भाची दारातच थांबली. "मामा, मग मशीननं तुला काही विचारलं का?"

"विचारलं ना. 'खरंच करायचं का?' म्हणे. करायचं नसतं तर दाबलं असतं का? हो म्हटलं. आणि बघ, सगळ्याच्या सगळ्या रिकाम्या!"

"आणि त्या फोनवरच्या माणसाला काय सांगितलंस?"

"सांगितलं, हव्या तेवढ्या आहेत. मित्रांनाही घेऊन या."

भाचीनं त्याला जवळजवळ खुर्चीतून उठवलंच. बऱ्याच महिन्यांनी नाट्यगृह भरलं होतं, आणि भरलेलं नाट्यगृह मामानं एका बटणात पुसून टाकलं होतं. नशीब एवढंच, की काम सुरू करण्याआधी तिनं डेटाबेसची प्रत काढून ठेवली होती. तिनं आधी विक्री थांबवली, मग प्रत चढवली. एकेक माणूस आपापल्या खुर्चीवर परत आला. पण मधल्या वेळात वेबसाइटनं पुढच्या रांगा नव्यानं विकल्या होत्या. आता तिथल्या एकेका खुर्चीला दोन-दोन मालक.

मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला.

"चूक माझी आहे," भाची म्हणाली. "सगळे हक्क मीच दिले तुला."

"हक्क तू दिलेस. अक्कल माझी होती."

"नवीन लोकांना फोन करूया. पैसे परत देऊ, माफी मागू."

"नको." मामा उठला. "मी स्वतःच्या तोंडानं 'या' म्हटलंय. आता 'येऊ नका' कुठल्या तोंडानं म्हणू? तू मशीन बघ. खुर्च्या मी बघतो."

भाचीनं मशीन बघितलं. सगळ्यात आधी मामाच्या खात्याचे हक्क काढून घेतले. "आता तुला फक्त बघता येईल. हात लावता येणार नाही," तिनं बजावलं.

तिकीटखिडकीत बसलेल्या मामीनं हे सगळं ऐकलं होतं. ती वळून म्हणाली, "स्वयंपाकघरात बसवून मिळतं का गं हे?"

संध्याकाळी मामा दारात उभा राहिला. एकाच खुर्चीचे दोन मालक समोर आले, की दोघांच्याही खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "तुमच्यासाठी खास सोय केलीय!" मग एकाला घेऊन आत पळायचा. ऑफिसातल्या खुर्च्या संपल्या. मेकअपच्या खोलीतली स्टुलं संपली. मामीच्या बुडाखालची खुर्चीही गेली. ती उभ्यानंच हिशेब करू लागली. घामानं मामाचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण एकही माणूस परत गेला नाही. तिसरी घंटा झाल्यावर एक जाडजूड बाई धापा टाकत आल्या. मामानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि रंगमंचामागे गडप झाला.

पडदा उघडला. दरबार भरलेला. तुतारी वाजली, राजा तोऱ्यात आला आणि प्रधानाचा मुजरा घेऊन बसायला वाकला. वाकला तो तसाच राहिला. मागे काहीच नव्हतं. त्यानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान छताकडे पाहू लागला.

तेवढ्यात राजाची नजर पहिल्या रांगेच्या टोकाला गेली. तिथे, दोन्ही हातांशी सोनेरी सिंह असलेल्या सिंहासनावर, मांडीवर पर्स घेऊन त्या बाई बसल्या होत्या.

हळूहळू सगळ्यांच्याच ते लक्षात आलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू रांगारांगांतून पुढे आलं. विंगेत मामानं डोळे गच्च मिटून घेतले. भाचीनं त्याचा हात धरला.

राजा रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. मुकुट काढून त्यानं कमरेत लवून मुजरा केला.

"आज्ञा, महाराज?"

बाई आधी गोंधळल्या. मग पर्स सावरून ताठ बसल्या.

"तो पंखा जरा इकडे करा."

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान पंख्याकडे निघाला.