वेळेवर पोचणारा

“पार फालतू पिक्चर! माणूस उडतो काय रे कधी?” विनोद कुरकुरला.

“तुमी तर तंबूत घोरत होतात, भावजी,” झोळीतून कविता हसली, तोच बाळंतपणाची पुढची कळ आली.

म्हसा गावच्या जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या नव्या सुपरहिरोवरून तिचा नवरा भरत आणि दीर विनोद मुद्दाम भांडत होते, तिचं मन रमावं म्हणून. झोळीचा बांबू दोघांच्या खांद्यावर होता आणि दवाखान्याची गाडी टेकडीपल्याडच्या रस्त्यावर उभी होती.

चढणीवर कविता उत्तरं द्यायची थांबली. दोघांनी आवाज आणखी वाढवला.

“पण तो वेळेवर पोचतो ना!” भरत ओरडला. “पोचतोच तो!”

कविताचा हात धरून झोळीशेजारी चालणारी तिची आई हौशी थांबली.



“झोळी खाली ठेवा, बाबांनो. माझी पोर गेली.”