आपल्या पाल्याने

“न बघता, न विचारता तुम्ही एका माणसाचं वर्ष खाल्लंत. वर ढेकरही दिलात.”

दशरथ हिवाळे असं बोलला तेव्हा प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुलुंडच्या त्या कॉलेजात त्यांच्याशी या भाषेत कुणी बोलत नसे. पण दशरथ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. उलट्या दिशेनं डंपर आला तरी बाजू द्यायची त्याला सवय नव्हती.

“तुम्ही पालक ना?” प्राचार्यांनी विचारलं.

“घरचा माणूस.”

“मग पत्र मिळालंच असेल.”

मिळालं होतं. ‘आपल्या पाल्याने परीक्षेत गैरप्रकार केल्याचे सिद्ध झाले असून सर्व पेपर रद्द करण्यात येत आहेत.’ ‘आपल्या पाल्याने’ वाचून नीलम आधी खो खो हसली होती. मग उशीत तोंड खुपसून रडली. बीएचं शेवटचं वर्ष होतं. पेपर गेले म्हणजे पदवी गेली. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायची उमेद आपल्यात नाही, असं ती म्हणाली तेव्हा दशरथचं जेवण ताटातच राहिलं.

तिला पदवीपर्यंत शिकवायचं, हा त्याचा फार जुना शब्द होता. परीक्षेच्या दिवसांत सकाळचा चहा तोच करायचा. टीव्ही बंद, पोळ्या बाहेरून. घरात पाहुण्यांची वर्दळ असली की नीलम त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून राज्यशास्त्र वाचायची. पुढं शिकाऊ पोरं क्लच सोडून गाडीला गचके द्यायची.

“हळू रे, माझे मूलभूत हक्क सांडले,” ती मागून म्हणायची, आणि गाडीभर हसू व्हायचं. फार बरे दिवस होते ते.

“भरारी पथकानं लिहून दिलंय,” प्राचार्य म्हणाले. “पर्समधून काहीतरी काढलं, तोंडात टाकलं, वर पाणी प्यायली. चिठ्ठी गिळली, झालं.”

“चिठ्ठी सापडली?”

“गिळलेली चिठ्ठी सापडेल कशी?”

“म्हणजे पुरावा नाही, हाच पुरावा. झकास.”

“बरं, चिठ्ठी नव्हती तर काय होतं? तुम्हीच सांगा.”

“मी कशाला सांगू? मी होतो का तिथं? जिनं गिळलं तिला विचारा. पथकवाल्यानं विचारलं नाही, नुसती सही घेतली. ती ‘ऐका तरी’ म्हणतेय आणि हा पुढच्या वर्गात पळाला. तुमच्या चौकशी समितीनंही विचारलं नाही.”

समितीच्या मधुवंती मॅडम बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा आवाज मऊ होता. “अहो, या वयात मुली घाबरून काहीही करतात. आम्ही काय शत्रू आहोत? एकदा ठेच लागली की तुमची मुलगी आयुष्यभर सरळ चालेल.”

दशरथनं मिशीवरून हात फिरवला.

“मॅडम, समितीतल्या कुणी तिला बघितलंय?”

“बघायचं काय त्यात? सीट नंबर आहे ना. वर्गात तर कधी दिसली नाही.”

“बाहेरून परीक्षा देते ती. वर्गात कशी दिसेल?” दशरथ टेबलावर जरा वाकला. “माझ्याकडचा शिकाऊ खांबाला गाडी ठोकतो ना, तरी मी आधी विचारतो. ब्रेक लागला नाही, की तू दाबला नाहीस? नुसत्या धडामवर कुणाला घरी पाठवत नाही मी.”

मॅडमना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

“आणि खरंच कॉपी केली असेल तर?” प्राचार्य म्हणाले.

“तर करा शिक्षा. हात जोडून घरी घेऊन जाईन, एक शब्द बोलणार नाही. पण आधी ऐका. पाकीटमाराला पण विचारतात, बाबा रे, तुझं म्हणणं काय. हिनं काय जास्त केलं?”

प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हळूच मान हलवली. “बोलवून घेऊ या ना सर. ऐकायला काय जातंय आपलं?”

“ठीक आहे. बोलवा,” प्राचार्य म्हणाले. “पण पालकांनी मधे तोंड घालायचं नाही.”

“नाहीच घालणार.”

घरून निघताना नीलमनं त्याला बजावलंच होतं. “तुम्ही तिथं तोंड सोडाल, माहितीये मला. फक्त दार उघडून द्या. पुढचं मी बघते.”

दशरथनं उठून दार उघडलं. नीलम बाहेर बाकावर बसली होती. “ये गं,” तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. शिकवलेलं माणूस पहिल्यांदा एकटं गाडी काढतं, तेव्हा तो असाच रस्त्याच्या कडेला निवांत उभा राहायचा.

कागदावरून नजर उचलत प्राचार्य म्हणाले, “आई, तुम्ही जरा बाहेर बसा. आधी मुलीला पाठवा.”

“मुलगी तिच्या सासरी आहे,” नीलम म्हणाली. पांढऱ्या केसांची बट कानामागं सारून तिनं स्वतःचं हॉल तिकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावर ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. “पेपर मी दिला, आणि गिळलं ते हे. आता तुम्ही उत्तर द्या सर. मला न बघताच सिद्ध कसं केलंत?”