म्हैस, डावा पाय

सेहेचाळीसाव्या माणसाला म्हैस चावली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि म्हशीला मरून दोन दिवस झाले होते.

"म्हैस, डावा पाय," गोकुळनं मोठ्यानं वाचलं आणि सेहेचाळीसाव्यानं यंत्रावर अंगठा टेकवला. नोंद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, असा आरोग्य केंद्राचा नियम होता.

शेंद्र्यापलीकडच्या वस्तीवर जावळाचं जेवण झालं, जेवणात मठ्ठा होता, आणि मठ्ठा ज्या म्हशीचा ती पिसाळून मेली. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं, मठ्ठा प्यालेल्या सगळ्यांना लस द्या, पण नोंद झाल्याशिवाय बाटली फोडू नका. नोंदीच्या ॲपला मठ्ठा कळत नव्हता. 'चावा नाही' असं भरलं की ते 'लसीची गरज नाही' म्हणायचं आणि बंद व्हायचं. तेव्हा केंद्राचा कॉम्प्युटर ऑपरेटर गोकुळ सकाळपासून मेलेल्या म्हशीकडून माणसं चाववून घेत होता. पहिल्या वीसजणांना त्यानं पाय दिले. मग सारखं सारखं दिसू नये म्हणून हात. उपसरपंचांना पाठ दिली.

मधेच जिल्ह्यावरून फोन आला. एका दिवसात एवढ्या माणसांना चावेपर्यंत म्हैस धरली का नाही?

"मेली, साहेब."

"कशानं?"

दमून, असं गोकुळच्या अगदी ओठांवर आलं होतं.

सत्तेचाळीसावी होती सारजाबाई. म्हैस तिचीच. सकाळपासून भिंतीकडच्या बाकावर बसून ती हात-पाय ऐकत होती.

अनवरी सिस्टरनी तिचा उजवा हात उलटा केला आणि तशाच थांबल्या. तळहातावर विळ्याची चीर होती, अजून ओली.

"मावशी, या हातानं म्हशीला काय केलं होतं?"

"तोंडात घातला. लाळ गळत होती, म्हटलं घशात काय तरी अडकलं. कोपरापस्तोर घातला. तीन दिवस घातला."

सिस्टर गोकुळच्या कानाशी वाकल्या. "बाकी सबको तसल्ली के लिए दे रहे," त्या म्हणाल्या. "हिला जिवासाठी द्यायचीय. आजच. जखमेत टोचायचं औषध पण. जल्दी लिख."

गोकुळनं लिहिलं. "म्हैस, उजवा हात. मावशी, अंगठा."

सारजाबाईनं अंगठा पदराखाली घेतला.

"चावली नाय."

"माहितीये. कुणालाच चावली नाही. लिहायला लागतं."

"सकाळधरनं ऐकते मी. याला चावली, त्याला चावली. आठ वर्षं होती, कुणाला साधी लाथ नाय मारली. लोकांचं लोकांपाशी. माझ्या अंगठ्यानं तिचं नाव नाय खराब करणार."

"लस नाही घेतली तर मरशील, मावशी."

"मग मरंन की. ती मेलीच ना."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. वस्तीवरची माणसं दंड चोळत जीपमध्ये बसत होती. सारजाबाई उठली. गोकुळ खुर्चीसकट सरकून दाराच्या वाटेत आला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"दुसरं जनावर लिहितो. कुत्रा?"

"कुणाचा?"

"कुणाचा कशाला पाहिजे?"

"वस्तीवर कुत्रा एकच, नवाबभाईचा. उद्या गाडी येऊन धरून नेतील त्याला."

"मांजर?"

"नाय आमच्यात."

"माकड?"

"ते कधी आलंच नाय तिकडं. खोटं तरी किती बोलायचं?"

गोकुळ यादीत खाली गेला. "उंट आहे," तो म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसं तरी झालं.

"उंट मकबऱ्यापुढं फोटोला उभा असतोय," सारजाबाई म्हणाली. "तो एवढ्या लांब येऊन मला चावंल व्हय?"

अनवरी सिस्टर हातात बंद बाटली धरून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

यादीत उंटाच्या खाली एकच शब्द उरला होता. गोकुळनं त्यावर टिचकी मारली. ॲपनं नाव विचारलं. त्यानं भरलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

"माणूस. उजवा हात. चावणाऱ्याचं नाव, गोकुळ रामकिसन दाभाडे."

सारजाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं, दातांकडेही.

"तुला काय करत्याल?"

"बघू."

तिनं अंगठा टेकवला. सिस्टरनी बाटली फोडली. जखमेत सुई गेली तेव्हा सारजाबाई हाताकडे न बघता पडद्याकडे बघत बसली. पडद्यावर नवीन प्रश्न आला होता. मेलेल्या म्हशीसाठी ॲपनं तो कधी विचारला नव्हता.

'चावणारा जिवंत आहे काय?'

गोकुळनं 'होय' भरलं.

'दहा दिवस रोज निरीक्षण करावे. निरीक्षण करणाऱ्याचे नाव भरा.'

"आता काय म्हणतंय ते?" सारजाबाईनं विचारलं.

"म्हणतंय, दहा दिवस मी जगतो का मरतो ते कुणीतरी रोज येऊन बघायचं."

"मग माझं लिही की," सारजाबाई म्हणाली. "सकाळी उठून बघायला आता गोठ्यात कोण हाय?"