मुखपृष्ठावरचा हात

पाचच्या आत फाइल छापायला जायलाच हवी होती. बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेच्या भारतीताईंनी सकाळी अहवालाचं मुखपृष्ठ परत पाठवलं होतं. “चेहरा नको गं. नवरा अजून तिला शोधतोय.” मग मुखपृष्ठ करणाऱ्या ऋजुतानं फोटोतला चेहरा कापून शिलाई मशीनवरचा हात तेवढा ठेवला आणि शोभून दिसतं म्हणून त्यावरचं फिकट गोंदणही गडद केलं.

ताई बघायला आल्या आणि खूश झाल्या. पण तो हात ज्यांचा, त्या कौसाबाईही सोबत होत्या. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. “ह्ये त्याचंच नाव हाय. बघितलं की वळखंल.”

ऋजुता ओशाळली. “दुसरा फोटो लावते.”

“नगं. हात माझाच ऱ्हाऊ द्या. नाव तेवढं काढा.”

ऋजुतानं माउस फिरवला. हिरवी अक्षरं एकेक करत विरून गेली. कौसाबाई कधी स्क्रीनकडे, कधी स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. “आनी एकदा दावता का, कसं गेलं त्ये?”

प्रेसचा फोन वाजू लागला. ऋजुतानं तो वाजू दिला. नाव होतं तसं परत आणलं आणि माउस कौसाबाईंच्या हाताखाली सरकवला.

“आता तुम्ही पुसा.”