सोळा आण्यांतलं रक्त

वारलू ढिवराच्या घरी पहिल्यांदा नातू जगला, ते साल १९५६. आधीची दोन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली होती. हे तिसरं आश्विनात झालं आणि तगलं. पण कार्तिक लागला आणि वारलूची बायको भागीरथा भिंतीला धरून चालू लागली.

कुरखेड्याच्या वाटेवर, आठवडी बाजाराच्या गावी डॉक्टर गुणवंतराव बसत. त्यांनी भागीरथाच्या बोटाला सुई टोचली, थेंब टिपकागदावर घेतला आणि शेजारी लाल पट्ट्यांचं कार्ड धरलं. गडद लालपासून फिकट गुलाबीपर्यंत पट्ट्या. तिचा थेंब पार खालच्या पट्ट्यांशी जुळला.

“सोळा आण्यांत सात आणे रक्त आहे, बाई. या लोखंडाच्या गोळ्या घ्या. रोज दोन. शौचाला काळं होईल, घाबरू नका. लोखंड पोटात गेलं की होतंच.”

भागीरथाने एक हिरवी गोळी बोटांत धरून पाहिली. “याच्यात खरंच लोखंड हाय का, डाक्तरसाहेब?”

“विळ्यात असतं तेच.”

“घ्या!” वारलू म्हणाला. “आता माही बायको विळा खाईन. आधीच का जीभ कमी तेज होती?”

भागीरथा हसली नाही. गोळ्या तिने पदराच्या टोकाला घट्ट बांधल्या.

धान कापणीचे दिवस होते. लेकराच्या उशाला लोखंड असावं लागतं, त्याला बाहेरचं वारं भितं. पण घरात विळा एकच. दिवसा तो वारलूच्या मुलासोबत, गोविंदासोबत, धानाच्या बांधीत जाई आणि अंधारल्यावर उशाशी परत येई. भागीरथाने पाळण्याला कापडाची एक थैलीही शिवून बांधली. दृष्टीसाठी बिब्बे असतील, असं वारलूला वाटलं. बायकांच्या कामात तो तोंड घालत नसे.

पहाटेच जाळं घेऊन तो तलावावर जाई. परतला की विचारी, “गोळीचं?”

“झालं,” ती म्हणे. आणि पोटातली आग निववायला चिमूटभर सोडा पाण्यात टाकून पिई.

महिन्याने पुन्हा सुई, पुन्हा टिपकागद. या खेपेला पाच आणे.

डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं. “असं होत नाही. गोळ्या पोटात गेल्या तर रक्त चढतं. बाई, काळं होतं का?”

“होते,” ती मान खाली घालून म्हणाली.

“काळं दोन कारणांनी होतं. एक लोखंडानं. दुसरं, पोटात आत रक्त फुटलं तर. तसं असेल तर चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. म्हणून विचारतो, खरं सांगा. गोळ्या खाता ना?”

भागीरथाने वारलूकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. पण तोवर वारलूच उठला होता.

“तिले काय विचारता? मले विचारा! चालवत नाई तिले. हात धरून धुऱ्यावर बसाले मी नेतो. डांबरावानी काळं ह्या डोळ्यानं पाहून राह्यलो मी! ढिवराची बाई म्हून खोटी काऊन ठरवता? तुमच्याच गोळ्या मातीच्या हायेत!”

बाहेर बसलेले रोगी दारात येऊन उभे राहिले. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला.

“बरं, म्हणजे काळं लोखंडाचंच,” ते म्हणाले. “मग रोज चार घ्या.”

भागीरथाने गोळ्या पदरात बांधल्या.

वाटेत वारलू धुसफुसतच होता. “कसा गप केला! मी होतो म्हून. नाईतर तुले चोर ठरवलं असतं त्यानं.”

“हो,” ती म्हणाली. “तुमी होते म्हून.”

घरी पाळण्याची थैली मुठीएवढी झाली होती. वारलू म्हणाला, “बिब्बे विऊन राह्यले का त्याच्यात?” सून प्रेमिला खुदकन हसली. पाळण्यातलं लेकरूही हसलं. भागीरथा त्याच्याकडेच पाहत राहिली.

पौषात तिला बैलगाडीतून न्यावं लागलं. थेंब टिपकागदावर पसरला तो गुलाबीसुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले, “आत्ताच्या आत्ता चांद्याला न्या.”

वारलूने त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. “आपल्या हातून होत नाई तर आता चांद्याची वाट दाखवता? तीन महिने काय खाऊ घातलं तिले?”

त्याने गाडी घराकडे वळवली. चौथ्या दिवशी गोविंदा चांद्याला जायची गाडी ठरवून आला, तेव्हा भागीरथाला उठून बसवत नव्हतं. गाडी रिकामीच परत गेली.

भागीरथाचं दहावं झालं. त्या सकाळी वारलूने कोपऱ्यातली काठी उचलली.

“उरल्या असतीन तर दे त्या डाक्तरच्या गोळ्या,” तो प्रेमिलावर ओरडला. “त्याच्याच घशात कोंबतो. कुठी ठेवत होती ते?”

“मले नाई माहीत, मामाजी. तुमी नका जाऊ असं.”

“सरक!”

तो तणतणत वळला. काठी पाळण्याच्या दोरीत अडकली. त्याने हिसका दिला. थैली तुटून खाली पडली आणि उसवली.

सारवलेल्या जमिनीवर हिरव्या गोळ्या घरंगळत गेल्या.

प्रेमिला घाबरून त्या गोळा करू लागली. “सासूबाईनं सांगितलं होतं, याच्यात लोखंड हाय. विळा बांधीत गेला तरी हे लेकराजवळ राहीन. कोणी विचारलं तर सांगू नको म्हणे. मामाजी रागावतीन.”

वारलू खाली बसला. कार्तिकातल्या गोळ्या, मार्गशीर्षातल्या गोळ्या. त्याने एकेक मोजली. दोनदा मोजली.

भागीरथा १९५७ सालच्या माघ पुनवेला वारली. तिने एकही गोळी खाल्ली नव्हती.