अर्धा तास ताठ

पाडव्याच्या सकाळी दारात रिक्षा थांबली, तशी वेणूबाईंनी हाडांची गोळी तोंडात टाकली आणि वर पेलाभर पाणी रिचवलं. गोळी आठवड्यातून एकदाच, तीही रिकाम्या पोटी. "नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. "वाकायचंही नाही," हे वेणूबाईंनी आपल्या मनाने जोडलं. कारण थोरल्या जाऊबाई पाडव्याला यायच्या त्या नमस्कार घ्यायलाच, आणि वाकलेल्या वेणूबाईंची कंबर धरेपर्यंत आशीर्वाद काही द्यायच्या नाहीत.

जाऊबाई आत आल्या आणि पाय पुढे करून उभ्या राहिल्या.

"यंदा माफी असावी हं! हाडांची गोळी घेतलीय. वाकले तर डॉक्टर रागावतील," वेणूबाई खांबासारख्या ताठ राहून म्हणाल्या.

जाऊबाईंनी डोळे वटारले. वेणूबाईंना वाटलं, आता ही बाई आल्या पावली परत जाते की काय?

"अगं मेले, मीपण तीच गोळी घेऊन निघालेय!" जाऊबाईंना हसूच फुटलं. "ताठ राहायचं म्हणून रिक्षात उभीच राहिले. टपाला भोक पाडून मुंडकं बाहेर! चौकातल्या पोलिसाने मंत्री समजून सलाम ठोकला!"

आणि हसता हसता त्या अशा दुमडल्या, की डोकं थेट वेणूबाईंच्या पायाशी आलं.

वेणूबाईंनी झटकन त्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडभरून म्हणाल्या, "औक्षवंत व्हा, जाऊबाई!"